जळतंय किती?

अण्णा मगदूम नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पोटाकडे बघतात, मग दंडाकडे, मग पोटऱ्यांकडे, आणि एवढं झालं की एक डोळा बारीक करून आकडा सांगतात. समोरच्या माणसाच्या अंगात दिवसाकाठी किती कॅलरी जळतात, त्याचा तो अंदाज असतो. नाव, गाव, ख्यालीखुशाली हे सगळं नंतर. कॉलनीतल्या निम्म्या लोकांची नावं त्यांना अजून ठाऊक नाहीत, आकडे मात्र तोंडपाठ आहेत.

माझी ओळख अशीच झाली. हातकणंगल्याहून बदली होऊन आम्ही कोल्हापुरात, रंकाळ्याच्या मागच्या अंगाला एका कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशीची गोष्ट. मी आणि टेम्पोवाल्यानं मिळून लोखंडी कपाट आत नेऊन ठेवलं होतं. मी फाटकात उभा राहून, धापा टाकत, गड सर केल्याच्या थाटात चहा पीत होतो. एवढ्यात शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवरून एक टक्कल वर आलं. त्याखाली पांढऱ्या जाड भुवया आणि अर्धी कॉलनी जागी होईल असा आवाज.

"पावणं, कपाटाचं तुमचं चाळीस जळालं."

"काय जळालं?" मी घाबरून आत कपाटाकडे बघितलं.

"कॅलरी वो! चाळीस. लय झालं तर पंचेचाळीस. आन् ह्यो चहा म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरंचा. त्यात आलं सत्तर. म्हंजे कपाट आत न्हेऊन तुम्ही तोट्यात."

मी थक्क झालो. घरात अजून पाणी तापवायला भांडं सापडत नव्हतं आणि या गृहस्थांनी मला तोट्यात काढून दाखवलं होतं. तेवढ्यावर थांबतील तर अण्णा कसले?

"दिवसाचं तुमचं एकोणीसशे. काम काय करतासा?"

"विमा कंपनीत आहे."

"बसून?"

"बसून."

"मग अठराशे," ते म्हणाले, आणि टक्कल भिंतीखाली गेलं.

मी तसा पटकन धक्का बसणारा माणूस आहे. माझी बायको सुनंदा म्हणते की दारावरची बेल वाजली तरी तुमच्या छातीत धस्स होतं. पण परक्या माणसानं चहाच्या तीन घोटांत माझ्या शंभर कॅलरी कापून नेल्या, याचा धक्का मला आठवडाभर पुरला. त्यानंतर आजपर्यंत मी अण्णांच्या लेखी 'पावणं' ते पावणंच राहिलो.

अण्णांनी उभा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीपुढे काढला. भट्टीच्या बारक्या भोकातून आत बघायचं आणि लोखंडाचा रस ओतायला झाला की नाही हे नुसत्या रंगावरून सांगायचं, हे त्यांचं काम. किती कोळसा आत गेला, किती जळाला, बाहेर किती पडलं, हा त्यांचा संसार. निवृत्त झाल्यावर बघायला भट्टी उरली नाही आणि माणूस कासावीस झाला. अशात त्यांना एका डॉक्टरांकडून समजलं की माणूस नुसता पडून असला तरी त्याच्या आत सारखं काहीतरी जळत असतं. त्या दिवसापासून अण्णांना गावभर भट्ट्याच भट्ट्या दिसू लागल्या.

त्यांची पद्धत साधी आहे. भट्टी नुसती पेटती ठेवायला जे लागतं ते पहिलं. ते वजनावरून. त्यावर कामाचं. आणि त्यावर 'वरकड'. वरकडात बोलणं, भांडणं, गाडी चालवताना शिव्या देणं आणि काळजी येते. "काळजीचं किती धरायचं, त्याचा अंदाज अजून बसंना," असं ते एकदा मला म्हणाले होते. बाकी सगळ्याचा बसलेला होता. "अंदाज हाय, पन पक्का हाय," हे त्यांचं पालुपद. आणि रस्त्यात कुणी भेटलं की 'काय, कसं काय' च्या जागी "काय, जळतंय किती?"

माझी एक समजूत होती की झणझणीत मिसळ खाल्ली की घाम येतो, घाम आला म्हणजे कॅलरी जळतात, म्हणजे मिसळ आपली आपण खर्ची पडते. या समजुतीवर मी बरीच वर्षं सुखात होतो. एका रविवारी अण्णांनी मला मिसळीच्या हॉटेलातून कपाळ पुसत बाहेर पडताना गाठलं.

"पावणं, भट्टीम्होरं हुभा ऱ्हायलेला माणूस बी घामाघूम हुतो. पन जळतो कोळसा, माणूस न्हवं. काय समजलासा?"

मी समजलो. त्यानंतर महिनाभर मिसळ गोड लागली नाही.

लग्नकार्यात त्यांना बोलवायचं म्हणजे जोखीमच. आमच्या समोरच्या वकीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या, फोटो सुरू झाले, आणि अण्णा स्टेजवर चढले. लोकांना वाटलं आहेर द्यायला आले. अण्णांनी नवरीच्या अंगावरच्या शालूचं टोक हातात घेऊन वजन अजमावलं आणि माइक चालू आहे याची पर्वा न करता म्हणाले, "हिचं सकाळपासनं नवरदेवाच्या दीडपट जळालंय! ह्यो नुसता उभा हाय. आधी ताट हिला वाढा, मग फोटू काढा!" वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. नवऱ्याच्या आधी नवरी जेवायला बसणार, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. पण नवरीच 'मला खरंच भूक लागलीय' म्हणून रडवेली झाली आणि तिला बाजूला नेऊन जेवायला वाढावं लागलं.

त्याच वकीलसाहेबांनी पुढे हातात एक घड्याळ बांधलं. ते दिवसभरात किती कॅलरी जळाल्या ते दाखवायचं. अण्णांचा आकडा आणि घड्याळाचा आकडा जुळेना, आणि वकीलसाहेब घड्याळाच्या बाजूचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा वकीलसाहेबांना घेऊन दूध कट्ट्यावर गेले, मीही मागे होतो. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात, तो कट्टा. अण्णांनी गवळ्याला विचारून ते घड्याळ एका म्हशीच्या शेपटीला बांधलं. म्हैस जागची हलली नाही. ती रवंथ करत उभी होती आणि माश्या उडवत होती. आमचे ग्लास संपायच्या आत घड्याळ थरथरलं, त्यावर रंगीत फटाके उडाले आणि दिवसाचं ध्येय गाठल्याबद्दल त्यानं म्हशीचं अभिनंदन केलं. घड्याळ वकीलसाहेबांनी शेपटीवरून सोडवलं, पण परत हातात काही बांधलं नाही.

खरा हादरा मात्र मला माझ्या चुलत्यांच्या मातीच्या दिवशी बसला. काकू कोपऱ्यात बसून रडत होत्या, बायका त्यांना धरून होत्या. अण्णा आले, हात जोडले, भिंतीला टेकून बसले. मी मनातल्या मनात देवाला विनवलं, आज तरी यांचं तोंड उघडू देऊ नकोस. देवानं ऐकलं नाही.

"सकाळपासनं ह्येंच्या पोटात काय गेलंय?" अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "रडणं हे अंगमेहनतीचं काम हाय. आत काय न्हाई आन् जळतंय नुसतं. दूध आणा कुणीतरी!"

माझ्या भावकीतले लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू अण्णांना मीच जन्म दिला होता. पण खरं सांगायचं तर काकूंना दूध द्यायचं तोवर कुणालाच सुचलं नव्हतं. त्या घटाघटा प्यायल्या आणि मग नीट रडल्या.

अण्णांची बायको आक्का. अंगानं अगदी काटकुळ्या, पण हसतमुख; कोल्हापूरकडच्या बायकांसारखं 'मी जातो, मी करतो' असं बोलायच्या. त्यांचा उजवा खुबा झिजलेला होता. काठी टेकत, भिंत धरत घरात चालायच्या. गल्लीच्या टोकाला बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर. तिथं रोज आपल्या पायानं जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि तेवढंच जमत नव्हतं. ऑपरेशननं खुबा बदलता येणार होता, पण डॉक्टरांनी त्यांना तपासून हात आखडता घेतला. अंगावर मांस नाही, रक्त कमी, भूल झेपायची नाही. आधी वजन वाढवा, दिवाळीनंतर बघू. मात्र फार लांबवू नका, नाहीतर पाय कायमचा जाईल. कॅलरी हा शब्द अण्णांनी ऐकला तो याच डॉक्टरांच्या तोंडून. सगळ्या गावाच्या भट्ट्या ते मोजत फिरायचे, पण त्यांची सगळी धडपड या एका भट्टीसाठी होती, आणि नेमकी तिचीच आकडेमोड जुळत नव्हती.

"पावणं, आत जातंय त्येवढं जळत न्हाई," ते मला सांगायचे. "उरायला पायजे. अंगावर दिसायला पायजे. पन वजन उतरतंय! भट्टी गळतीय कुठंतरी."

मग त्यांनी आक्कांचं जळणं कमी करायचं ठरवलं. भांडी स्वतः घासायला घेतली, धुणं स्वतः धुवायला लागले, स्वयंपाकघरातून आक्कांना हद्दपार केलं. देवापुढची घंटा हळू वाजवायची, शेजारणींशी गप्पा बेतानं मारायच्या, असे हुकूम सुटले. अण्णा पातळ नेसल्यासारखा टॉवेल गुंडाळून परसात धुणं आपटायला लागले की आक्का दारात बसून तोंडाला पदर लावून हसायच्या.

"हसू नगंस!" अण्णा ओरडायचे. "हसण्यात बी जळतंय!"

त्यामुळे त्या आणखी हसायच्या.

आक्कांचं संध्याकाळचं जेवण तर अण्णांनी कुणावर सोडलं नव्हतं. आक्का कडक नेमाच्या. दिवस मावळल्यावर घास तोंडात घालायचा नाही म्हणजे नाही. अण्णांचा हा नेम फाउंड्रीच्या लांबणाऱ्या दिवसपाळीत कधीच मोडला होता, आणि निवृत्त झाल्यावरही ते रात्रीच जेवायचे. म्हणून रोज पाचच्या सुमाराला अण्णा आक्कांचं ताट स्वतः वाढायचे. त्यांच्यासमोर जेवायला आक्कांना संकोच वाटायचा. "तुम्ही बघत बसलासा की घास उतरत न्हाई," असं त्या म्हणायच्या. मग अण्णा ताट झाकून ठेवायचे आणि रंकाळ्यावर फेरी मारायला जायचे. येईपर्यंत अंधार पडायचा, ताट घासून पालथं घातलेलं असायचं. बघून त्यांना समाधान वाटायचं. आणि महिनाअखेरीला वजनकाट्यावर आक्का उभ्या राहिल्या की ते समाधान पार धुऊन जायचं.

इकडे माझं उलटं झालं होतं. माझं पोट सुटत चाललं होतं. अण्णांना हे सहन होईना.

"अठराशे जळतंय. सकाळी दोन पोळ्या, डब्यात तीन, रात्री भात. बरोबर? मग ह्ये कुठनं आलं?" माझ्या पोटावर टिचकी मारून ते विचारायचे. "तुम्ही चोरून खातासा."

"शप्पथ नाही, अण्णा!"

"मग माझा अंदाज चुकाय लागला," ते म्हणायचे. आपला अंदाज चुकतो, हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका उतरायचा की मला वाईट वाटायचं. आक्कांचं चुकतंय, माझं चुकतंय, मग डॉक्टरांपुढे कोणत्या तोंडानं जायचं?

मी खोटं बोलत नव्हतो. मी चोरून काहीच खात नव्हतो. एवढंच की रोज संध्याकाळी, मी ऑफिसातून येतो त्या वेळेला, मागच्या कमरेएवढ्या भिंतीवरून आक्का सुनंदाच्या हातात एक स्टीलचा डबा द्यायच्या. "जरा जास्त झालंय गं पोरी. अन्न टाकवत न्हाई. आन् आमच्या ह्यास्नी बोलू नगंस, परमाण चुकलं म्हणून तासभर शिकवतील मला." डब्यात दोन भाकरी, उसळ, कधी शेवयांची खीर. ते मी मागच्या पायरीवर बसून, चहाबरोबर, सहज संपवायचो. शेजारून आलेल्या डब्याला कॅलरी असतात हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. तो जेवणात धरायचा नसतो अशी माझी समजूत. अलीकडे भाकरी जरा ओबडधोबड यायच्या, मधे खड्डा असायचा आणि त्या खड्ड्यात तूप थबथबलेलं असायचं. म्हटलं, आजारी बाईचा हात. तुपानं सगळं सांभाळून घेतलं जायचं.

गणपती उठले त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. रंकाळ्याच्या वाटेवर अण्णांच्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी फेरी काय मारणार, म्हणून ते एक चप्पल हातात घेऊन तसेच मागच्या बोळातून परतले. दाभण आणि दोरा मागायला सरळ आमच्या परसात शिरले. मी पायरीवर बसलो होतो. मांडीवर डबा, हातात भाकरी.

अण्णांची नजर नेहमीप्रमाणे आधी माझ्या पोटावर गेली. मग भाकरीवर. तिथंच थांबली.

"ही भाकरी कुणी केली?"

"आक्कांनी," मी म्हणालो. "आत्ताच दिली."

"ही मी केलीया," अण्णा म्हणाले. हातातली चप्पल खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. ते पुढे आले आणि माझ्या हातातल्या भाकरीच्या खड्ड्यावर त्यांनी अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला. "रस ओतायला साच्यात खळगी करत्यात, तशी करतो मी. तूप वघळून जाऊ नये म्हणून. पाच वाजता वाढून गेलतो तिला."

मी भाकरी डब्यात परत ठेवली. महिनोन्‌महिने मी कुणाचं ताट खात होतो, हे मला त्या क्षणी कळलं. मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आक्का भिंतीपलीकडे काठी टेकून उभ्या होत्या. रिकामा डबा न्यायला त्या तशा थांबायच्या. अण्णा भिंतीपाशी गेले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"तू जेवलीस?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं, सुनंदाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"न्हाई."

"काल?"

"न्हाई."

"आगं, मी रोज आल्यावर इचारतोय की! तू व्हय म्हंतीस."

"म्हंतो. न्हाई म्हटलं तर तुम्ही जेवणार न्हाईसा."

"पन का? का म्हणून?"

"तुमच्याआधी कसं जेवू?" आक्का म्हणाल्या. यात न समजण्यासारखं काय आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "लगीन हून आलो तवाच आत्तीनं सांगितलंतं. मालक जेवल्याबिगार ताटावर बसायचं न्हाई."

"मग माझ्या मागनं जेवायचं की!"

"दिवस मावळल्यावर?" आक्का दचकल्याच. नवऱ्यानं काहीतरी भलतंसलतं सुचवावं, तशा.

सासूनं एक नेम दिला होता, धर्मानं दुसरा. आक्कांनी दोन्ही पाळले होते, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून त्यांचं रात्रीचं जेवण पडून गेलं होतं. अण्णांच्या डोळ्यांसमोर, रोज. अण्णांचा पुढचा प्रश्न काय असणार ते मला दिसायला लागलं होतं.

"मी भट्टीवर होतो तवा?"

"तवा तरी कुठं दिसाउजेडी घरी येत होतासा?"

"म्हंजे तवाबी..."

"तवा माझ्यापुरतं करतच नव्हतो संध्याकाळचं. टाकायचा सवालच न्हाई." आणि अण्णांचं तोंड बघून त्या घाईघाईनं समजूत घालायला लागल्या. "सुट्टी असली की जेवत होतो की! आन् दुपारचं बी जेवत होतो. तुमचा डबा बाराला उघडायचा, मी त्येच्या मागनं बसायचो. असू द्या वो. सवय झाली."

अण्णा भिंत ओलांडून पलीकडे गेले आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर बसले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आकडा निघणार. त्या घरातली इतक्या वर्षांची आकडेमोड ते करत असणार. पण आकडा निघाला नाही.

"भट्टीत कोळसा कमी पडला असं कुणी कधी म्हणू शकलं न्हाई मला," ते म्हणाले. "एवढ्या वर्सांत. एकदा बी न्हाई."

मला त्यांची फार दया आली आणि स्वतःच्या पोटाची तितकीच लाज वाटली. आक्का काठी टेकत त्यांच्याजवळ गेल्या आणि काय करावं ते न कळून त्यांच्या टकलावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

भानावर होती ती फक्त सुनंदा. ती आमच्या गच्चीच्या जिन्यावर चढली आणि तिथून ओरडली, "अण्णा, ऊन आहे अजून! पाण्याच्या टाकीवर आहे!"

अण्णा ताडकन उठले. घरात त्यांच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवलेलं होतं, ते ताटासकट परसात घेऊन आले. दगडावर बसून त्यांनी भाकरीचा भला मोठा तुकडा मोडला, नीट न चावता गिळला आणि ताट आक्कांपुढे सरकवलं.

"झालं माझं जेवून. आता तू."

"एवढंच?"

"एवढंच! बस खाली!"

"टाकीच्या निम्म्यावर आलं!" सुनंदा वरून ओरडली.

आक्का काठी बाजूला ठेवून दगडावर टेकल्या आणि जेवायला लागल्या. आधी लाजत, मग भराभर. बघता बघता ताट निम्मं झालं. त्या बाईला किती भूक होती! अण्णा उकिडवे बसून बघत होते आणि या खेपेला 'तुम्ही बघत बसलासा की घास उतरत न्हाई' असं त्या म्हणाल्या नाहीत. टाकीवरचं ऊन गेल्याचं सुनंदानं सांगितलं तेव्हा त्यांनी हात थांबवला. उरलेला अर्धा घास ताटातच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून रंकाळ्याची फेरी बंद झाली. पाच वाजले की अण्णा जेवायला बसायचे. त्या वेळेला त्यांना भूक नसायची, ढेकर देत देत जेवायचे, पण जेवायचे. त्यांच्या मागोमाग आक्का. आमच्याकडे येणारा डबा बंद झाला. माझं पोट उतरलं, आणि काट्यावर आक्कांचं वजन वाढायला लागलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून आक्कांना काही खायला मनाई होती. दुपारी त्यांना आत नेलं. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन गेलो तर अण्णा बाहेरच्या बाकावर बसलेले. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचंही पोट त्यांनी बघितलं नाही. सुनंदानं त्यांच्यासाठी डबा दिला होता, कांदा-लसूण न घालता. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि तसाच ठेवला. ऑपरेशन नीट पार पडलं. आक्का शुद्धीवर आल्या आणि डॉक्टरांनी थोडी पेज द्या म्हणून सांगितलं, तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता. आक्कांनी मान हलवली. सकाळी घेतो, म्हणाल्या.

"अण्णा, तुम्ही तरी खा आता," मी म्हणालो.

"ती जेवली न्हाई."

"त्यांना सलाईन चालू आहे, अण्णा."

"सलाईन हाय. जेवान न्हवं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी पुन्हा गेलो. उन्हं वर आली होती. माझा डबा आदल्या दिवशी होता तसाच, झाकणाला हात न लागलेला, कॉटखाली होता. अण्णांचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी आयुष्यात कधी कुणाच्या कॅलरी मोजल्या नाहीत, पण त्या माणसाच्या अंगात जळायला काही शिल्लक नव्हतं, हे मलाही दिसत होतं. नर्सनं पेजेची वाटी आणून दिली. अण्णांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि आक्कांच्या तोंडाजवळ नेला.

आक्कांनी ओठ मिटून घेतले. इतक्या अशक्तपणातही त्यांनी आधी नवऱ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही जेवलासा?"

मी तोंड उघडलं होतं. पण अण्णांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी ते मिटलं.

"व्हय की," अण्णा म्हणाले. "पावण्यांनी डबा आणलाता. पोटभर जेवलो."

आक्कांनी तोंड उघडलं.